खंडेनवमी आणि पितळी नट

आमच्या घरी खंडेनवमीला अवजार एकदा पूजेला बसलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हा नियम माझा. मी लग्न होऊन रायपूरच्या या घरात आले तेव्हा हे लोक विळी आणि सुरी पाटावर ठेवून नमस्कार करत आणि थोड्या वेळानं त्याच विळीवर भोपळा चिरत. मला ते बघवेना. मी फिटरची मुलगी आहे. माझ्या वडिलांकडे, बाबारावांकडे, बीरगांवच्या दोन खोल्यांत नवमीला पाने, पकडी, हातोड्या, स्क्रू फिरवायचे पेचकस यांची पाटावर रांग लागायची, हळदकुंकू वाहिलं जायचं आणि मग बाबा सांगायचे, "आता यायले झोपू द्या. वर्षभर राबले." ते ऐकल्यावर आम्ही त्या दिवशी नेलकटरसुद्धा मागत नसू.

ते वळण मी इथं लावलं आणि कडक लावलं. माझा मुलगा आशय दहावीत असताना त्याला नवमीच्याच दिवशी कुठलासा तक्ता कापायचा होता. कात्री पाटावर होती. मी दिली नाही. त्यानं पट्टी धरून कागद फाडला, कडा दातेरी आल्या आणि तो माझ्याशी अबोला धरून बसला. मला त्याचं आजही काही वाटत नाही. नियम म्हणजे नियम. फक्त यंदा तो माझ्याच अंगावर आला, त्याची ही गोष्ट.

माझ्याकडे एक जुनी पांढरी मारुती आहे. पंडरीच्या कापडबाजारात माझं अस्तर आणि फॉलचं छोटं दुकान आहे, आणि इतकी वर्षं मी या गाडीत गठ्ठे टाकून स्वतः चालवत दुकानात जात आले. तिची बरीचशी दुरुस्तीही मीच करते. बाबांनी शिकवलं. पदर खोचून बॉनेटमध्ये डोकं घातलेली बाई बघून लोक हसतात. हसोत. गाडी माझा हात ओळखते वगैरे मी म्हणणार नाही, तसलं बोलणं मला आवडत नाही. पण मी तिला ओळखते, हे नक्की.

आशयला ती गाडी नको झाली होती. त्याचं ऑफिस नवा रायपूरला, पगार चांगला. त्यानं मोठी नवी गाडी बुक केली, दसऱ्याला घरी आणायची म्हणून, आणि माझी जुनी एक्सचेंजमध्ये द्यायचं मनाशी ठरवून टाकलं. "आप टेन्शन मत लो मम्मी, दुकान मैं छोड़ दूँगा ना," असं तो म्हणायचा. आम्ही मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो. इथल्या सगळ्या घरांत हेच आहे. मुलगा गुणी आहे, मनापासून म्हणायचा. पण 'छोड़ दूँगा' म्हणजे काय ते मी रोज बघत होते. आमच्या गल्लीतल्या सोनियाताई पूर्वी एकट्या गाडी घेऊन दुर्गला बहिणीकडे जाऊन यायच्या. गाडी विकल्यापासून त्या पर्स मांडीवर घेऊन गेटजवळच्या कट्ट्यावर बसलेल्या असतात. मुलगा येईल तेव्हा येतो. मला त्या कट्ट्यावर बसायचं नव्हतं. एवढंच होतं, आणि माझ्यासाठी ते फार होतं.

गाडीनंही नेमका तेव्हाच दगा दिला. पंडरीजवळच्या सिग्नलला थांबले आणि इंजिन आचके देत बंद पडलं. शेजारी आशय बसलेला. ऑफिसच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत त्यानं गाडी ढकलली, मागचे हॉर्न वाजवत होते आणि एक रिक्षावाला त्याला सल्ले देत होता. त्या दिवशी जेवताना आमची चांगलीच जुंपली. शेवटी रत्नाकर मधे पडले. हे माझे यजमान. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना निवाडे करायला फार आवडतं.

"नवमीच्या संध्याकाळपर्यंत टाइम देऊ इले," ते आशयला म्हणाले. "गाडी आपल्या दमानं सुरू झाली आन सिग्नलवर उभी राहून बी बंद नाही पडली, तर राहीन. नाही तर तू म्हणतं तसं. मंजूर?"

"मंजूर," आशय म्हणाला. मीही मंजूर म्हटलं आणि वर एक पोळी जास्त खाल्ली.

नवमीला दुकान बंद होतं. सकाळीच मी बॉनेट उघडून कार्बोरेटरला भिडले. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायचा भाग, इंजिनाच्या वर बसतो. त्याच्या गळ्यातून हवा खाली जाते आणि गळ्याच्या तळाशी एक गोल झडप असते. ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, सोडला की मिटते. आतल्या बारीक भोकांमध्ये कचरा बसला होता, म्हणून गाडी उभी राहिली की गुदमरत होती. सगळं सोडवलं, पेट्रोलनं धुतलं, फुंकलं, परत जोडलं. काम मनासारखं झालं. आता फक्त वरचं हवा गाळायच्या डब्याचं झाकण बसवायचं आणि एक नट आवळायचा राहिला होता.

त्या नटाबद्दल सांगायला हवं. तो कंपनीचा नाही. कंपनीचा कधीच हरवला, तेव्हा बाबांनी कारखान्यात पितळेच्या तुकड्यातून कापून, घासून हा करून दिला. मधे भोक, दोन्ही बाजूंना दोन जाड कान, बोटांनी फिरवायचा. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले होते, "हा तुह्या बोटांसाठी हाय, कौमुदी. पाना भेटो का न भेटो, तुह्यं अडणार नाही." बाबा गेले त्याला आता बराच काळ झाला. नट मात्र रोज माझ्याबरोबर दुकानात येतो.

तेवढ्यात रत्नाकर ओल्या केसांनी, सोवळं नेसून दारात आले. "झालं काय तुह्यं? पूजेची वेळ होऊन राहिली."

"झालं," मी म्हटलं. माझी चूक ती हीच. काम संपण्याआधी झालं म्हणायचं नसतं, हे मला बाबांनी शंभरदा सांगितलं होतं. पण नटाला पाना लागत नाही, मग अवजारं अडवून कशाला ठेवायची, असा माझा हिशोब. मी स्वतः सगळी अवजारं पुसली, पाटावर मांडली. पाने, पक्कड, पेचकस, शेजारी कात्री, विळी, शिलाई मशीनचं डोकं. मधोमध बाबांचा मोठा पाना. त्याच्यावर शेवंतीचं फूल ठेवलं आणि नमस्कार करून म्हटलं, झोपा आता.

जेवणं झाली. मी निवांत अंगणात आले, सुट्या भागांच्या डब्यातून नट उचलला. सरळ झाकण लावलं असतं तर ही गोष्ट झाली नसती, पण माझा चिकित्सक स्वभाव नडला. पेट्रोलची धार आत नीट पडते का ते एकदा बघून घ्यावं म्हणून मी एका हातानं झडप उघडून धरली आणि गळ्यात वाकून पाहिलं. नट दुसऱ्या हातात तसाच होता, आणि त्या हाताला तेल होतं. टण् असा आवाज आला. मग जरा खालून, टिक्. मी दचकून हात काढला तशी झडप मिटली. नट झडपेच्या खाली, इंजिनाच्या तोंडाशी जाऊन बसला.

मेकॅनिक लोक अशा वेळी जे बोलतात ते लिहिण्यासारखं नसतं. मी तेच बोलले.

अशा अवस्थेत गाडी सुरू करणं शक्यच नव्हतं. नट झडपेत अडकला तर गाडी आवरली नसती, आणि आणखी आत ओढला गेला तर इंजिनाचंच वाटोळं. एरवी काम सोपं. चार नट सोडवायचे, कार्बोरेटर उचलायचा, हात घालून काढायचा. पण त्या चार नटांना पाना लागतो. आणि पाना देवघरात फूल डोक्यावर घेऊन झोपला होता, गॅरेजंही सणाची बंद.

माझा आवाज ऐकून दोघंही बाहेर आले. मी काय झालं ते सांगितलं. आशयनं गळ्यात मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता टोमणा मारणार. तो हळूच म्हणाला, "अंदर से पाना ले आऊँ? मैं कुछ नहीं बोलूँगा, मम्मी. सच में."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याच्या त्या समजूतदारपणानं मला रडूच यायला लागलं.

"देवीले हात जोड आन उचल ना एक पाना," रत्नाकर म्हणाले. "काहून जीव जाळून राहिली? देवी काय कोर्टात जाते?"

मी देवघराच्या दारापर्यंत गेलेही. खोटं कशाला बोलू? समई शांत जळत होती आणि बाबांच्या पान्यावरचं फूल जरासुद्धा हललं नव्हतं. दहावीतल्या पोराला कात्री दिली नव्हती मी. आज माझी गरज आहे म्हणून पाना उचलला, तर तो नियम कधी नियम नव्हताच, नुसती माझी दादागिरी होती. मी तशीच मागे फिरले.

"नाही," मी म्हटलं.

"फिर शाम तक तो नहीं होगा," आशय म्हणाला.

"संध्याकाळ व्हायची आहे अजून."

मग मी घरभर जे पाटावर बसलेलं नाही ते शोधत सुटले. स्वयंपाकाची सांडशी मोकळी होती, पण ती गळ्यात शिरेना. एका हातानं झडप उघडून धरली आणि फ्रिजवरचं चुंबक दोऱ्याला बांधून आत सोडलं. चुंबक झडपेच्या पोलादी दांड्याला जाऊन चिकटलं, नटाला नाही. पितळ चुंबकाला दाद देत नाही हे मला माहीत होतं, तरी सोडलं. बुद्धी गहाण पडली की माणूस असंच करतो. आशयच्या खिशातलं च्युइंगगम चावून काडीच्या टोकाला लावलं. आत सगळं पेट्रोलनं ओलं, त्यात गमचा चिकटपणाच निघून गेला. केसातला आकडा वाकवून नटाच्या कानात अडकवला. तो अडकला, अर्ध्यापर्यंत आला आणि सुटला. पुन्हा अडकवला, पुन्हा सुटला. मोबाइलचा कॅमेरा गळ्यावर धरून पाहिलं, तेव्हा कळलं. प्रत्येक वेळी पडताना नट जरासा पुढे सरकत होता. समोर सिलिंडरकडे जाणारी वाट उतरती होती. आणखी एकदा सुटला असता तर तिकडे घरंगळला असता, आणि मग पाने मिळूनही तो सहज निघाला नसता. मी आकडा बाजूला ठेवला.

नेमका तेव्हा आशयनं आधीच बोलावून ठेवलेला एक्सचेंजवाला आला. राकेश त्याचं नाव, भनपुरीला त्यांचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. हसतमुख माणूस, कपाळाला टिळा, हातात किल्ल्या अडकवायची रिंग. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आला होता आणि उतरताच त्यानं त्या माणसाला जा म्हणून सांगितलं. "अपनी बाइक नहीं लाया," तो आम्हाला म्हणाला. "गाड़ी मैं खुद ही चलाके ले जाऊँगा, इसलिए."

त्याचं ते आधीच ठरवून येणं मला असं झोंबलं की विचारू नका. तरी घरी आलेला माणूस, खुर्ची दिली, चिवडा दिला. तो चिवडा खात खात बॉनेटपाशी आला, आत डोकावला आणि मान हलवली. "ये तो खोलना पड़ेगा, मॅडम. छोड़िए, काहे परेशान होते हैं. मैं फोन करता हूँ, टो करके ले जाएँगे."

"पहले चिवडा खाइए," मी म्हटलं. माझा आवाज बहुधा चढला असावा, कारण रत्नाकर घाईघाईनं खराटा घेऊन अंगण झाडायला लागले. घरात वादळ आलं की हे अंगण झाडतात. आंब्याची पानं, तोरणाच्या फुलांचा कचरा, सगळं जोरजोरात लोटत होते. आणि तो खराटा, नारळाच्या हिरांचा, सैल झालेला. झाडता झाडता हीर निसटून पडायला लागले. रत्नाकरांनी खराटा उलटा केला, पडलेला एक हीर उचलला आणि बांधणीच्या बरोबर मधे खुपसून दगडानं ठोकला. आतल्या एका काडीनं सगळा जुडगा फुगला आणि बांधणीत घट्ट बसला. सगळ्या घरांत खराटा असाच घट्ट करतात. मी जन्मभर बघत आले आहे.

त्या दिवशी मात्र मी बघतच राहिले. बांधणीच्या जागी मला नटाचं भोक दिसलं.

"तो खराटा इकडे द्या," मी म्हटलं.

"झाडून तर होऊ दे."

"द्या म्हटलं ना!"

मी त्यातले चार लांब, सरळ हीर उपसले. तीन एकत्र धरले आणि वरच्या टोकाला दुकानातल्या रिळाचा धागा गुंडाळला. कात्री पाटावर, म्हणून धागा दातांनी तोडला. चौथा हीर वेगळा ठेवला. बेत असा की तिघांचा जुडगा नटाच्या भोकात घालायचा, मग चौथा त्यांच्या मधून खाली सरकवायचा. जुडगा भोकात फुगेल आणि नट आतून धरला जाईल. नटाच्या भोकाला आटे असतात, ते हिरांना चावतील.

आशयला ते कळलं. पोट्टा हुशार आहे, माझाच आहे. पण एक्सचेंजवाल्यासमोर हार मानायला तयार नव्हता. "एक मिनट, मम्मी. झाड़ू भी तो औज़ार है. रूल तो तुम्हारा ही है."

"झाडूची पूजा लक्ष्मीपूजनाला असते," मी म्हटलं. "तुला काय हरकत घ्यायची ती दिवाळीला घे. आज ती मोकळी आहे."

राकेश चिवड्याची वाटी घेऊन हसला. "बात तो सही है भैया. झाड़ू हमारे यहाँ भी दिवारी में ही पूजते हैं." एक्सचेंजवाला माझ्या बाजूनं बोलला! आशयनं हात टेकले आणि मुकाट्यानं टॉर्च धरला.

आता माझे दोन्ही हात लागणार होते, म्हणून झडप उघडी राहायला कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबून धरायला हवा होता. रत्नाकरांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "किल्लीला हात लावायचा नाही. पाय दाबून ठेवायचा आणि मी सांगेपर्यंत उचलायचा नाही," मी बजावलं.

"समजलं ना बाई, पेडलच तर हाय."

आत नट एका अंगावर पडला होता. आकड्यानं त्याला हळूच ढोसलं. तो डुलला, उतरत्या वाटेकडे कलला. मग तो बुडावर बसला, भोक वर. आशय पुटपुटला, "बस, बस, ऐसे ही." त्याचा आवाज बदलला होता. मी जुडगा गळ्यातून आत सोडला. पहिल्यांदा भोकाच्या काठावर आपटला, मग बरोबर आत उतरला. चौथा हीर मधे सरकवला, अंगठ्यानं दाबला. जुडगा ताठ झालेला बोटांना कळला. मी उचलला. नट त्याच्याबरोबर उठला.

आणि आत गाडीत रत्नाकरांचा फोन वाजला.

"हॅलो! हव, हव, भार्गव, तुमालेबी शुभेच्छा!" असं म्हणत त्यांनी फोन घ्यायला अंग वळवलं, पाय उचलला आणि झडप खाडकन मिटली. हीर कचकन मोडले. नट पुन्हा खाली.

मी काय ओरडले ते फोनवरच्या भार्गव भाऊजींनी ऐकलं. ते महिनाभर आमच्याकडे आले नाहीत. रत्नाकरांनी फोन मागच्या सीटवर फेकला आणि दोन्ही पाय पेडलवर ठेवले. मी आत पाहिलं. नशीब थोर होतं. मोडलेल्या हिरांचे तुकडे नटात तसेच अडकलेले आणि त्यांच्यामुळे नटाला घरंगळता आलं नव्हतं, तो वाटेच्या तोंडाशी तिरपा टेकून होता. पण भोक आता भरलेलं. राकेशनं वाटी खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली.

"मम्मी," आशय म्हणाला, "टुकड़े ऊपर तक आ रहे हैं. उन्हीं को पकड़ो ना."

खरंच की. मोडलेली टोकं वर आली होती, आणि नटात ती घट्ट होती. आता नट पकडायची गरज नव्हती, नुसती टोकं पकडायची होती. मी धाग्याचा फास केला, सरकता, पेटीकोटची नाडी आत गेली की टोक ओढायला करतो तसा, आणि नव्या हिराच्या टोकावरून तो खाली सोडला. आशयनं टॉर्च इतका जवळ धरला की त्याचं कपाळ माझ्या कपाळाला लागलं. फास एकदा घसरला. दुसऱ्यांदा टोकांभोवती बसला. मी धागा ओढला, फास आवळला गेला.

"पाय!" मी म्हटलं.

"दोन्ही हायेत!" आतून आवाज आला.

मी उचलत गेले. घाई केली नाही. नट झडपेच्या कडेला घासला, एक कान अडला, मी मनगट वळवलं, कान सुटला. गळ्यातून पितळ चमकलं आणि पुढच्या क्षणी आशयनं हात घालून ते मुठीत धरलं.

"निकल गया!" तो इतक्या जोरात ओरडला की समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. राकेश उभा राहून टाळ्या वाजवत होता. आपली गाडी हातची चालली आहे हे तो बिचारा विसरलाच. रत्नाकर आतून विचारत होते, "आता पाय काढू काय?" मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

डोळे पुसून मी कामाला लागले, कारण गाडी अजून सुरू व्हायची होती. नटातले आणि बाहेरचे हिराचे तुकडे जुळवून पाहिले. आत काही राहिलं नव्हतं. झाकण बसवलं. मग आशयच्या हातातून नट घेतला आणि दोन बोटांनी फिरवायला लागले. जाड कान, माझ्या बोटांच्या मापाचे. फिरत फिरत घट्ट बसला. पाना नाही, पक्कड नाही. बाबांनी कधीच सांगून ठेवलं होतं की माझं अडणार नाही.

मी ड्रायव्हरच्या दारापाशी गेले. रत्नाकर अजून दोन्ही पाय दाबून बसले होते.

"सरका तिकडे," मी म्हटलं.

ते सरकले. मी किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसती कुरकुर. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा इंजिन असं सुरू झालं की गेटवरची कबुतरं उडाली. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि वाट पाहिली. आचका नाही, खोकला नाही. संथ, एका सुरात चालू.

राकेश खिडकीपाशी येऊन डोकं खाजवत उभा राहिला. "वो सब तो ठीक है, मॅडम. पर मैं तो इसी में जाने वाला था."

"मग इसी में जाइए," मी म्हटलं. "बैठिए."

तो मागे बसला, त्याच्या शेजारी आशय. कोपऱ्यावरचा सिग्नल लाल होता. अट तिथंच होती. मी थांबले. शेजारी उभ्या ट्रकचा ड्रायव्हर आमच्याकडे बघत होता. चार माणसं, चारही जणांचे कान बॉनेटकडे. सिग्नल हिरवा झाला, इंजिन तसंच चालू, आणि रत्नाकरांनी आपला निकाल जाहीर केला, "राहीन गाडी." ठरलं होतं तेवढं झालं होतं, तिथून परत फिरता आलं असतं. मी सरळ पुढे नेली, थेट भनपुरीपर्यंत.

राकेशच्या आवाराच्या गेटवर पहारेकऱ्यानं गाडी बघितली आणि लगबगीनं दोन्ही फाटकं उघडली. आत माझ्या गाडीसारख्या कितीतरी गाड्या धूळ खात ओळीनं उभ्या होत्या. काहींच्या काचेवर अजून देवाची स्टिकरं होती. पहारेकरी हात करत होता, "आने दो, अंदर ले आओ!"

मी फाटकाबाहेरच ब्रेक दाबला, काच खाली केली.

"नहीं भैया," मी म्हटलं. "हम तो साहब को छोड़ने आए हैं."

राकेश हसत उतरला, मला हात जोडले. मी एक लांबलचक हॉर्न वाजवला, गाडी वळवली आणि परत निघाले. मग आशय पुढे वाकला, दोन्ही सीटांच्या मधून.

"मम्मी, कल नई गाड़ी लेने शोरूम जाना है," तो म्हणाला. "छोड़ दोगी क्या?"

"छोड़ दूँगी," मी म्हटलं. "फक्त वेळेवर गेटपाशी उभा राहा. मला वाट बघायला लावायची नाही."